समान दंड आणि विषम न्याय

(तरुण कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेले भाषण)



शेतमालाचे भाव, शिक्षणाचे खाजगीकरण, कामगार संहिता अशा मोठ्या विषयांच्या पंक्तीला चौकात पोलिसांनी अडविलेल्या दुचाकीस्वाराचा प्रश्न बसविणे काहींना पोरकट वाटेल. मला तसे वाटत नाही. आपल्या बहुतेक तरुणांना शासनसंस्थेचा पहिला प्रत्यक्ष परिचय चौकातल्या शिट्टीने होतो. कायदा सर्वांसाठी आहे, की ज्याच्यापाशी फोन लावण्याजोगा ‘साहेब’ नाही केवळ त्याच्यासाठी आहे, याचा निकाल तो तरुण तेथेच उभ्या उभ्या लावतो. आणि तो निकाल त्याच्या मनात जन्मभर राहतो.

या शिबिरात काही साथींनी एक ठराव सुचविला आहे. ई-चलनांविरुद्ध आंदोलन पुकारावे आणि तरुणांचा सर्व थकित दंड माफ करावा, अशी त्यात मागणी आहे. या ठरावामागचा संताप मला समजतो. मागणी मात्र मला मान्य नाही, आणि का मान्य नाही हे सविस्तर सांगणे माझे कर्तव्य आहे.

प्रथम मृत्यूंचा हिशेब पाहू. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतील सुमारे ४४ टक्के दुचाकीवर होती. हेल्मेट न घातलेले मृत ५० हजारांच्या घरात होते. एकट्या महाराष्ट्राचा वाटा १५ हजारांहून अधिक होता. मेलेल्यांत १८ ते ४५ या वयाची माणसे दोनतृतीयांश होती. म्हणजे ही घरातली मिळवती किंवा नुकतीच मिळवू लागलेली माणसे. गिरणीत वा खाणीत इतके कामगार दरवर्षी मरू लागले असते, तर सुरक्षेचे नियम शिथिल करा अशी मागणी आपण केली असती काय? सिग्नल तोडणे, ट्रिपल सीट जाणे, दारू पिऊन गाडी हाकणे यांत कोणतेही बंड नाही. पायी चालणारी मोलकरीण आणि सायकलवरचा रखवालदार यांच्या जिवाशी तो खेळ आहे.

म्हणून नियम हवेत आणि ते मोडणाऱ्यास दंडही हवा. वाद आहे तो दंड कसा असावा आणि तो कोणावर पडतो याविषयी.

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली आणि तिच्यातील वाढीव दंड १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झाले. दारू पिऊन वाहन चालविण्याचा दंड २,००० रुपयांवरून १०,००० वर गेला. परवान्याविना चालविण्याचा ५०० वरून ५,००० वर गेला. महाराष्ट्रात तेव्हा विधानसभेच्या निवडणुका तोंडावर होत्या. सरकारने नवे दर थांबवून धरले आणि राज्यात ते डिसेंबर २०२१ मध्ये आले. वाढीमागील युक्तिवाद सरळ होता: दंड जबर केला की धाक बसेल.

या युक्तिवादाला अर्थशास्त्रात जुना आधार आहे. गॅरी बेकर यांनी १९६८ साली गुन्हा आणि शिक्षा यांचा हिशेब मांडला. गुन्हेगारही नफातोटा पाहतो. त्यामुळे पकडले जाण्याची शक्यता आणि शिक्षेचा आकार यांचा एकत्रित भार वाढविला की गुन्हे घटतात. पकडण्यास खर्च येतो, दंड वाढविण्यास येत नाही. तेव्हा कमी पकडा आणि जबर दंड करा, असा सोयीचा अर्थ राज्यकर्त्यांनी त्यातून काढला. परंतु बेकारियाने १७६४ सालीच बजाविले होते की माणसाला शिक्षेच्या क्रौर्यापेक्षा तिची निश्चिती अधिक आवरते. दहा वेळा सुटून अकराव्या वेळी पाच हजारांना सापडणारा पोरगा स्वतःला दोषी समजत नाही. तो स्वतःला कमनशिबी समजतो. आणि पावती पाच हजारांची झाली, म्हणजे पाचशेची चिरीमिरी दोन्ही पक्षांना स्वस्त वाटू लागते. दंड वाढला की लाचेचा भावही वाढतो, हे समजण्यास पदवीची आवश्यकता नाही.

याहून गंभीर दोष वेगळाच आहे. महिन्याला १५ हजार मिळविणाऱ्या तरुणाला ५,००० रुपयांचा दंड म्हणजे दहा दिवसांची मजुरी. महिन्याला तीन लाख मिळविणाऱ्यास तोच दंड म्हणजे अर्ध्या दिवसाची मिळकत. एकासाठी ती शिक्षा आहे, दुसऱ्यासाठी नियम मोडण्याची परवडणारी किंमत आहे. हैफा शहरातील पाळणाघरांचा एक प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाला. मुलांना उशिरा नेणाऱ्या पालकांना तेथे दंड बसविला, तेव्हा उशीर करणारे घटण्याऐवजी वाढले. पैसे भरले की उशीर करण्याचा हक्क मिळतो, असे पालकांनी मानले. आपल्या रस्त्यांवरील महागड्या मोटारींची वृत्ती हीच आहे.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला काय घडले ते आठवा. सतरा वर्षांच्या मुलाच्या भरधाव मोटारीखाली दुचाकीवरील दोन तरुण अभियंते मेले. काही तासांत त्या मुलाला जामीन मिळाला. अटींत अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची अट होती. पुढे रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून सरकारी रुग्णालयातील दोन डॉक्टरांना अटक झाली. एक तपशील मात्र लोक विसरून गेले. त्या मोटारीची नोंदणीच पूर्ण झालेली नव्हती. शुल्काचे १,७५८ रुपये भरावयाचे राहिले होते. कोट्यवधींची बिननोंदणीची गाडी शहरात फिरत होती, आणि त्याच शहरात दुचाकीवरच्या पोराला अस्पष्ट नंबरप्लेटसाठी थांबविले जात होते.

कायद्याच्या कलमांतही हीच विषमता आहे. अल्पवयीन मुलाने गुन्हा केल्यास पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड आहे. सदोष रस्ता बांधून माणसे मारणाऱ्या ठेकेदाराला मात्र त्याच २०१९ च्या दुरुस्तीने कमाल एक लाख रुपयांचा दंड ठेविला आहे, आणि कैद मुळीच नाही. खड्ड्याने मारले तर लाख रुपयांत सुटका आहे.

हे तरुण दुचाकीवर का येतात, हेही विचारले पाहिजे. कायद्याने सोळाव्या वर्षी केवळ ५० सीसीपर्यंतची, गिअर नसलेली दुचाकी चालविता येते, आणि अशा गाड्या बाजारातून जवळजवळ नाहीशा झाल्या आहेत. इकडे महाविद्यालय दहा-पंधरा किलोमीटर दूर, शिकवणी त्याहून दूर. १९४८ साली सुरू झालेली एसटी गावोगाव पोचली. पण पुढे तिच्या फेऱ्या घटल्या, आणि २०२१-२२ च्या प्रदीर्घ संपाच्या काळात ग्रामीण विद्यार्थ्यांनी तिची उणीव पुरेपूर भोगली. जेथे बस येत नाही तेथे बाप कर्ज काढून मुलाला गाडी घेऊन देतो. सार्वजनिक वाहतूक मोडकळीस आणणारे सरकारच मग चौकात त्या बापाकडून दंड वसूल करते.

घरपोच सेवेतील मुलांचे दुःख आणखी निराळे. काही कंपन्यांनी वर्षानुवर्षे दहा मिनिटांत माल पोचविण्याची जाहिरात केली. घाईचा नफा कंपनीचा. घाईचा दंड, घाईचा अपघात आणि घाईचा मृत्यू मात्र त्या पोराचा. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने या कामगारांची व्याख्या केली, राजस्थानने २०२३ साली त्यांच्यासाठी स्वतंत्र कायदा केला. पण रस्त्यावरच्या चलनाची जबाबदारी अजून कोणीही मालकावर टाकलेली नाही.

मग आपण काय मागावे? पहिली मागणी, दंड ऐपतीच्या प्रमाणात हवा. फिनलंडमध्ये १९२१ पासून ही पद्धत आहे. गंभीर गुन्ह्याची शिक्षा तेथे दिवसांत मोजतात, आणि एका दिवसाची रक्कम माणसाच्या मिळकतीवरून ठरते. २००२ साली नोकिया कंपनीच्या एका बड्या अधिकाऱ्याला वेगमर्यादा ओलांडल्याबद्दल १,१६,००० युरो दंड झाला होता. अपिलात तो पुष्कळ कमी झाला, पण तत्त्व टिकले. आपल्याकडे मिळकती लपविल्या जातात, हा आक्षेप येईल. त्याला उत्तर आहे. महाराष्ट्रात मोटारींच्या एकरकमी कराचे दर किमतीनुसार चढत जातात. कर किमतीप्रमाणे चढतो, तर दंड का चढू नये?

दुसरी मागणी, थांबविण्याची रीत कायदेशीर हवी. गणवेशातील पोलिसाने मागितल्यास परवाना दाखविणे आपल्यावर बंधनकारक आहे. मोबाइलमधील डिजिलॉकरची प्रत केंद्रीय नियमांना मान्य आहे. मात्र चावी हिसकावणे, शिवी देणे, थोबाडीत मारणे याला कायद्यात आधार नाही. तसेच कायदा राबविणाऱ्यानेच तो मोडला, तर त्याला दुप्पट दंड आहे, हे कलम २१०-ब प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ हवे. तरीही हवालदाराला शत्रू मानू नका. दिवसभर धुरात उभा राहणारा तो मनुष्यही श्रमिकच आहे.

तिसरी मागणी, घाई लादणाऱ्या मालकाला आणि सदोष रस्ता बांधणाऱ्या ठेकेदाराला जबाबदार धरा. आणि दंडाचा पैसा बस, पदपथ आणि सुरक्षित चौक यांवरच खर्च करून त्याचा हिशेब दरवर्षी जनतेपुढे ठेवा.

शेवटी एक कटू गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्या पक्षाच्या मोटारसायकल फेऱ्या निघतात तेव्हा डोक्यावर टोपी असते, हेल्मेट नसते. मागे दोघे बसलेले असतात. कार्यकर्ता अडविला गेला की पहिला फोन आपल्याच पुढाऱ्याला जातो, आणि पुढारी तो ‘सोडवितो’. त्या क्षणी आपण श्रीमंताच्या पोराच्या पंक्तीला जाऊन बसतो. समान न्याय मागणाऱ्या पक्षाने आधी हा फोन बंद केला पाहिजे.

म्हणून माझी दुरुस्ती अशी: ठरावातील सरसकट माफीची मागणी गाळावी, तिच्या जागी या तीन मागण्या घालाव्यात, आणि हेल्मेटवाचून एकही फेरी निघणार नाही व सुटकेसाठी एकही फोन जाणार नाही, हा निर्धार आपल्या नावाने जोडावा. ही दुरुस्ती आपण चर्चेस घ्यावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.