शरीरालाही मोकळं होऊ द्या
(माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी फोनवर विषय विचारला, तेव्हा मी म्हटलं, ‘नाचाबद्दल बोलीन.’ पलीकडून लगेच उत्तर आलं, ‘काहून बाई, या वयात आम्हाला नाचवतेस?’ घाबरू नका, कुणालाही स्टेजवर बोलावणार नाही. मी फिजिओथेरपिस्ट. तीस वर्षं लोकांचे गुडघे, खांदे, पाठी हाताळल्या. त्यातूनच ‘डान्स मूव्हमेंट थेरपी’ या विषयाकडे वळले. आज त्याबद्दल बोलायचं कारण मात्र आपल्याच वर्गातलं आहे.

मघाशी आपण गेलेल्या मित्रांची नावं वाचली आणि दोन मिनिटं स्तब्ध उभे राहिलो. त्यातली काही नावं २०२१ च्या एप्रिलमधली. तेव्हा नागपुरात काय चाललं होतं, हे इथे कुणाला सांगायला नको. आपल्याकडे माणूस गेला की शरीराला कामं असतात. तिरडी बांधायची, खांदा द्यायचा, घाटापर्यंत चालत जायचं, भेटायला आलेल्यांच्या गळ्यात पडून रडायचं. त्या वर्षी यातलं काहीच करता आलं नाही. माझा थोरला भाऊ त्याच महिन्यात गेला. आम्ही लांबून हात जोडले आणि घरी येऊन दार लावून बसलो. पुढे कित्येक महिने माझा उजवा खांदा आखडलेला होता. एक्स-रेमध्ये काहीच नव्हतं.

भीती वाटली किंवा धक्का बसला की श्वास वरवरचा होतो, जबडा आवळला जातो, मान आणि खांदे ताठ होतात. प्रसंग निघून गेला तरी ही ठेवण पुष्कळदा तशीच राहते. मग मनाला कितीही समजावलं, तरी आवळलेली छाती त्याला उलटच निरोप देत राहते. अशा वेळी शब्दांनी सुरुवात करण्याऐवजी हालचालीने सुरुवात करावी, एवढंच या उपचाराचं म्हणणं आहे.

मेरियन चेस नावाच्या अमेरिकन नर्तकीने १९४२ साली वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स मनोरुग्णालयात हे काम सुरू केलं. तिथे असेही रुग्ण होते, जे कुणाशी बोलत नसत. चेस त्यांना गोलात उभं करायची. कुणी नुसता हात हलवला, तर तीही तसाच हलवायची. ‘तू जे करतोस ते मला दिसलं,’ हा निरोप शब्दांशिवाय पोचायचा. १९६६ साली अमेरिकेत या उपचारकांची संघटना झाली आणि चेस तिची पहिली अध्यक्ष. आपल्याकडे सोहिनी चक्रवर्ती यांच्या ‘कोलकाता संवेद’ने मानवी तस्करीतून सुटलेल्या मुलींसोबत हे काम केलं. ज्या मुलींना स्वतःचं शरीरच परकं झालं होतं, त्यांना ते पुन्हा आपलं वाटावं, यासाठी. मुंबईच्या टाटा समाज विज्ञान संस्थेने त्यांच्यासोबत याचा पदविका अभ्यासक्रमही चालवला.

पुण्याचं उदाहरण आपल्या वयाच्या लोकांनी जरूर ऐकावं. हृषीकेश पवार हे समकालीन नृत्य करणारे कलावंत. त्यांनी पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी नृत्याचे वर्ग घेतले. या आजारात मेंदूतलं डोपामिन कमी होतं आणि चालताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. आतून हुकूम सुटत नाही. पण बाहेरून ठेका मिळाला, तर पुष्कळदा पाऊल उचललं जातं. आजार बरा होत नाही, औषध चालूच राहतं. पण हात थरथरतो म्हणून लग्नकार्याला जायचं टाळणारा माणूस जेव्हा तसेच हात थरथरणाऱ्या इतरांसोबत ठेका धरतो, तेव्हा त्याची लाज कमी होते. मला तर पायाच्या सुधारणेइतकंच हेही महत्त्वाचं वाटतं.

हे सगळं ऐकून कुणाला वाटेल, की हे परदेशी खूळ आहे. तसं नाही. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आपल्या विदर्भात घरोघरी भुलाबाई बसायच्या. मुली टिपऱ्यांच्या ठेक्यावर सासरचे जाच गाण्यात सांगायच्या. एरवी तोंडातून निघालं असतं तर घरात वादळ झालं असतं, ते तिथे उघड म्हणता यायचं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या इकडेच, जागनाथ बुधवारीतून पिवळी मारबत निघते. शंभराहून जास्त वर्षं नागपूर रस्त्यावर येऊन, ओरडून, नाचून रोगराई आणि ईडापीडा गावाबाहेर नेतं. उपचार हा शब्द तेव्हा कुणी वापरला नाही, पण साचलेलं बाहेर काढायची सोय गावाने करून ठेवली होती.

आणि ‘मला नाचता येत नाही’ म्हणणाऱ्या पुरुषमंडळींना एकच विचारते. लेझीम कुणी खेळली होती? पीटीच्या सरांची शिट्टी, चार आवाज, एक जागा, पवित्रा, आणि पलीकडे टिंबर मार्केटमधल्या आरामशिनीचा आवाज! आज हातात लेझीम दिली, तर तुमच्यातले निम्मे लोक न चुकता पहिला पवित्रा करतील.

घरी करून पाहायचं असेल, तर एवढंच करा. खोलीचं दार लावा. आवडीचं एकच गाणं लावा. पाय जमिनीवर नीट टेकवा, श्वास पूर्ण सोडा आणि शरीराला जे हलवावंसं वाटतं तेच हलवा. गुडघे दुखत असतील तर खुर्चीत बसून हात हलवा. तोल जात असेल तर भिंतीजवळ उभं राहा. रडू आलं तर थांबवू नका. फार घाबरायला झालं तर मात्र थांबा, डोळे उघडे ठेवा, खोलीतल्या वस्तू बघा आणि कुणाला तरी हाक मारा. झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर नाचावर विसंबू नका. मनोविकारतज्ज्ञाकडे जा. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर आहे. चालू असलेली औषधं स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नका.

आता माझी मागणी. मुख्याध्यापकांनी रविवारी सकाळी एक तास शाळेचा हॉल द्यायचं कबूल केलं आहे. मी येणार आहे. फी नाही, कार्यक्रम नाही, फोटो नाहीत. आपल्या वर्गात असे काही जण आहेत, ज्यांचा जोडीदार गेला आणि ते ग्रुपवर रोज ‘सुप्रभात’ पाठवतात, दुसरं काही बोलत नाहीत. त्यांना मेसेज पाठवू नका. घरी जा, स्कूटरवर मागे बसवा आणि घेऊन या. आपल्याला ज्यांना खांदा देता आला नाही, त्यांच्यासाठी पहिल्या रविवारी आपण लेझीमच खेळू.

सरांनी शिट्टी आणावी, ही विनंती.