शेतकऱ्याचा हप्ता कुठे अडतो

प्रधानमंत्री किसान सन्मान निधीतून पात्र शेतकरी कुटुंबाला वर्षाला 6,000 रुपये मिळतात. दर चार महिन्यांना 2,000 रुपयांचा एक, असे वर्षात तीन हप्ते. 24 फेब्रुवारी 2019 रोजी योजना सुरू झाली तेव्हा दोन हेक्टरपर्यंतचेच शेतकरी त्यात होते. त्याच वर्षी ती मर्यादा उठली. महाराष्ट्रात यावर राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे आणखी 6,000 रुपये मिळू लागले. त्याचा पहिला हप्ता ऑक्टोबर 2023 मध्ये शिर्डीतून वितरित झाला. राज्याच्या योजनेची पात्रता केंद्राच्या योजनेवर आधारलेली असल्याने केंद्राचा हप्ता अडला की राज्याचाही अडतो.

हप्ता अडण्याची कारणे बहुतेक वेळा तीन असतात: ई-केवायसी, बँक खाते आणि जमिनीची नोंद. ई-केवायसी त्यातली सोपी. आधारला मोबाइल जोडलेला असेल तर ओटीपीवर, नसेल तर सेवा केंद्रात बोटांच्या ठशावर ती होते. मातीत राबून ज्यांचे ठसे पुसट झाले आहेत, त्यांच्यासाठी अ‍ॅपमध्ये चेहरा दाखवण्याची सोय आहे.

बँकेचा घोळ जास्त गुंतागुंतीचा. हे पैसे खाते क्रमांकावर नव्हे, आधार क्रमांकावर पाठवले जातात आणि थेट लाभासाठी आधारला एका वेळी एकच खाते जोडलेले असते. दुसऱ्या बँकेत खाते उघडताना अर्जावरच्या संमतीच्या चौकटीत खूण झाली की जोडणी नव्या खात्याकडे वळते. शेतकरी जुन्या पासबुकावर नोंदी करून घेत राहतो आणि हप्ते भलत्याच खात्यात साठत जातात. उलटही घडते. आधारची झेरॉक्स बँकेला दिली म्हणजे काम झाले असे समजले जाते; प्रत्यक्षात थेट लाभाच्या जोडणीसाठी वेगळी लेखी संमती लागते. आपले आधार कोणत्या बँकेला जोडलेले आहे, हे आधारच्या संकेतस्थळावर पाहता येते. तक्रार करण्याआधी हे पाहून घ्यावे.

तिसरे कारण सातबाऱ्यातले. 1 फेब्रुवारी 2019 रोजी जमीन ज्याच्या नावावर होती तो पात्र, हा मूळ नियम. खातेदाराच्या मृत्यूमुळे वारसांच्या नावावर आलेली जमीन त्याला अपवाद आहे. म्हणून वडील वारल्यावर वारस नोंद रखडवणे महागात पडते. जमीन महसूल अधिनियमानुसार ही माहिती तीन महिन्यांत द्यायची असते. मृताच्या खात्यावर येणारे हप्ते उचलत राहू नयेत, ते वसूल होतात. पती, पत्नी आणि अज्ञान मुले मिळून एकच कुटुंब धरले जात असल्याने नवरा-बायको दोघांनी वेगळे अर्ज करू नयेत.

प्राप्तिकर भरणारे, चतुर्थ श्रेणी वगळता सरकारी कर्मचारी आणि महिना 10,000 रुपये किंवा अधिक निवृत्तिवेतन घेणारे योजनेबाहेर आहेत. हे रास्तच आहे. वाटेकऱ्याला आणि खंडाने शेती करणाऱ्याला वगळणे मात्र अन्यायाचे आहे. नांगर त्याचा, घाम त्याचा, पावसाची जोखीमही त्याचीच. पण सातबाऱ्याच्या मालकी रकान्यात नाव नाही म्हणून एक रुपया नाही. नवऱ्याच्या नावावरच्या शेतात आयुष्य घालवणाऱ्या बाईचाही या पैशावर स्वतःचा हक्क लागत नाही.

राज्यातल्या कृषी योजनांसाठी आता शेतकरी ओळख क्रमांक, म्हणजे फार्मर आयडी, लागतो. ज्यांनी तो काढलेला नाही त्यांनी आधार, सातबारा आणि आठ-अ घेऊन सेवा केंद्रात जावे. व्हॉट्सअ‍ॅपवर पीएम किसानच्या नावाने येणारी कोणतीही फाइल उघडू नये, ओटीपी कोणालाही सांगू नये. चौकशीसाठी योजनेचा मदत क्रमांक आहे 155261.