म्हातारपण : निसर्गाचे आणि समाजाचे

(वडीगोद्री येथे वर्षावासानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्षावासात विहारामध्ये ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. त्यातला एक दिवस विज्ञानासाठी राखावा, माणूस म्हातारा का होतो आणि म्हातारपणाचे आजार थांबवता येतील काय यावर आम्ही बोलावे, अशी समितीची इच्छा होती. विषय डॉक्टरांचा आणि प्रयोगशाळेचा वाटला तरी धम्माला तो परका नाही. जरा, व्याधी आणि मरण हे शब्द आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

सिद्धार्थाने म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहिले व घर सोडले, ही कथा आपल्याला ठाऊक आहे. परमपूज्य बाबासाहेबांनी मात्र याच ग्रंथाच्या प्रस्तावनेत या कथेबद्दल शंका घेतली. एकोणतीस वर्षांच्या माणसाला तोवर एकही म्हातारा, एकही आजारी दिसला नसेल, हे त्यांच्या बुद्धीला पटले नाही. गृहत्यागाचे कारण त्यांनी शाक्य आणि कोलीय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याच्या तंट्यात दाखविले. म्हणजे निसर्गाच्या दुःखाबरोबरच माणसाने माणसाला दिलेल्या दुःखाकडे त्यांनी आपली नजर वळविली. आज म्हातारपणाकडेही आपण तसेच पाहावे, असे आम्हांस वाटते. एक म्हातारपण निसर्ग देतो. दुसरे समाज लादतो, आणि ते वेळेच्या आधी येते.

पेशीचे म्हातारपण

माणसाच्या शरीरात सुमारे 30 लाख कोटी पेशी असतात. रक्तातील तांबडी पेशी साधारण 120 दिवस जगते आणि तिच्या जागी नवी येते. आतड्याचे अस्तर तर काही दिवसांतच बदलते. शरीर रोज असे नवे होत असेल तर माणूस म्हातारा व्हायलाच नको, असे कोणाच्याही मनात येईल. शास्त्रज्ञांच्याही मनात ते आले होते.

अलेक्सिस कॅरेल हे नोबेल पारितोषिक मिळालेले मोठे शास्त्रज्ञ. त्यांनी 1912 साली कोंबडीच्या गर्भातील हृदयाच्या पेशी काचपात्रात वाढवायला घेतल्या. ती वाढ 1946 पर्यंत चालू ठेवण्यात आली. त्यावरून पेशी शरीराबाहेर अमर असते, असे सर्वजण मानू लागले. एवढ्या मोठ्या माणसाला खोटे कोण ठरवणार? 1961 साली लिओनार्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी दाखवून दिले, की माणसाची साधी पेशी पन्नासेक वेळा विभागते आणि मग थांबते. मोठ्या माणसाने सांगितले म्हणून मानू नका, तपासून पाहा, ही तथागतांची कालामांना दिलेली शिकवण प्रयोगशाळेतही अशी खरी ठरली.

पेशी का थांबते? पेशीमध्ये गुणसूत्रे असतात. बुटाच्या नाडीचे टोक विसकटू नये म्हणून त्यावर प्लॅस्टिकची छोटी नळी असते. तसे प्रत्येक गुणसूत्राच्या टोकाला एक टोपण असते. त्याला टेलोमिअर म्हणतात. पेशी विभागताना हे टोपण दर वेळी थोडे झिजते. फार झिजले की पेशी विभागणे बंद करते. ही झीज भरून काढणारे टेलोमरेज नावाचे विकर असते. एलिझाबेथ ब्लॅकबर्न आणि कॅरोल ग्रायडर या दोन स्त्रियांनी ते तळ्यातल्या एका एकपेशीय जीवात शोधले. जॅक शोस्टाक यांच्यासह त्यांना 2009 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

मग हे विकर सर्व पेशींना दिले तर माणूस अमर होईल काय? बंधू-भगिनींनो, असे विकर चालू करून बसलेली पेशी आपल्या ओळखीची आहे. तिला आपण कर्करोग म्हणतो. बहुतेक कर्करोगांच्या पेशींमध्ये टेलोमरेज चालू असते. थांबायचे विसरलेली पेशी शेवटी सगळ्या शरीराला संपवते.

जगातील सर्वांत प्रसिद्ध ‘अमर’ पेशी अमेरिकेतील हेन्रिएटा लॅक्स या तंबाखूच्या शेतात राबलेल्या गरीब कृष्णवर्णीय स्त्रीच्या आहेत. 1951 साली, वयाच्या 31 व्या वर्षी, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने तिचा मृत्यू झाला. तिच्या गाठीतील पेशी तिला न विचारता घेतल्या गेल्या आणि जगभर वाढविल्या गेल्या. पोलिओच्या लसीच्या चाचणीपासून असंख्य संशोधनांत त्या वापरल्या गेल्या, कंपन्यांनी त्या विकल्या. तिच्या मुलाबाळांना वीसेक वर्षे याचा पत्ताही नव्हता. 2023 साली एका कंपनीने तिच्या वारसांशी तडजोड केली. ज्यांच्या शरीरातून ज्ञान निघते त्यांच्या पदरात त्या ज्ञानातून काय पडते, हा प्रश्न आपल्या समाजाला नव्याने समजावून सांगायची गरज नाही.

टेलोमिअर झिजणे हे म्हातारपणाचे एकच कारण नाही. पेशीत तंतुकणिका असतात. त्या पेशीच्या चुली होत. वय वाढले की चूल नीट पेटत नाही आणि धूर जास्त होतो. पेशी आपल्यातला कचरा स्वतःच मोडून पुन्हा वापरते. हे काम कसे चालते ते जपानच्या योशिनोरी ओसुमी यांनी यीस्टच्या पेशींत शोधले व 2016 साली त्यांना नोबेल मिळाले. उतारवयात ही साफसफाईही मंदावते. तिसरी गोष्ट थकलेल्या पेशींची. त्या विभागत नाहीत, मरतही नाहीत आणि आजूबाजूला दाह करणारी रसायने सोडत राहतात. कांद्याच्या ढिगात एक सडका कांदा राहिला तर शेजारचे कांदे बिघडतात, तसे होते. सांधे, रक्तवाहिन्या, फुफ्फुसे, डोळे यांच्या म्हातारपणाच्या आजारांत या सगळ्याचा वाटा असतो.

उपचार कुठवर आले?

2011 साली अमेरिकेत उंदरांमधील थकलेल्या पेशी काढून टाकल्या, तेव्हा त्यांच्यातील म्हातारपणाच्या काही खुणा लांबल्या. 2015 साली डासाटिनिब हे रक्ताच्या कर्करोगाचे औषध आणि कांद्यातही सापडणारे क्वर्सेटिन यांची जोडी अशा पेशी मारते असे आढळले. 2019 मध्ये फुफ्फुसाच्या एका कठीण आजारात 14 रुग्णांवर तिचा पहिला छोटा प्रयोग झाला. चौदा रुग्णांवरून निष्कर्ष काढता येत नाही. शिवाय कांदा खाऊन तो परिणाम मिळत नाही, हेही सांगून ठेवतो.

दुसरे औषध रॅपामायसिन. ईस्टर बेटाच्या मातीतील जीवाणूपासून ते मिळाले. सुरेंद्रनाथ सेहगल या आपल्या उपखंडात जन्मलेल्या शास्त्रज्ञाने ते वेगळे केले. 2009 साली उतारवयातल्या उंदरांना ते दिले, तर नरांचे आयुष्य सुमारे 9 टक्क्यांनी आणि माद्यांचे 14 टक्क्यांनी वाढले. पण ते रोगप्रतिकारशक्ती दाबणारे औषध आहे. मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांना ते देतात. तिसरे मेटफॉर्मिन, मधुमेहाची जुनी, स्वस्त गोळी. मधुमेह नसलेल्यांचेही म्हातारपण ती लांबवते काय, याचा विचार चालू आहे, पण तसे सिद्ध झालेले नाही. जपानच्याच शिन्या यामानाका यांनी 2006 साली प्रौढ पेशीला पुन्हा मूळ अवस्थेत नेऊन दाखविले. त्या वाटेने पेशी तरुण करण्याचे प्रयोग चालू आहेत, पण त्यात गाठी होण्याचा धोका आहे.

सारांश, माणसाचे म्हातारपण उलटविणारे औषध आज जगात कोठेही नाही. तेव्हा तारुण्याची इंजेक्शने, मूळपेशींचे जादूचे उपचार, टेलोमिअर वाढविणाऱ्या गोळ्या कोणी विकत असेल तर त्याला पैसा देऊ नका. 22 प्रतिज्ञा घेऊन आपण गंडेदोरे सोडले. विज्ञानाच्या नावाने नवे गंडे बांधून घ्यायचे नाहीत.

समाजाने लादलेले म्हातारपण

आता आपल्या भागाकडे येऊ. आपले वडीगोद्री अंबड तालुक्यातले. महामार्गाने शहागडला गोदावरी ओलांडली की गेवराई, म्हणजे बीड जिल्हा. हा ऊसतोडीचा पट्टा. दिवाळीच्या सुमारास उचल घेतलेली जोडपी कोयता घेऊन कारखान्यांच्या वाटेला लागतात.

2019 साली राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीपुढे बीड जिल्ह्यातील 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी आली. त्यांपैकी 13,861 जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली होती. दर शंभरात जवळजवळ सतरा. देशात 15 ते 49 वयाच्या स्त्रियांत हेच प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे. पाळीच्या दिवसांत खाडा झाला तर मुकादम पैसे कापतो, फडावर पाणी नाही, आडोसा नाही, आणि अंगावरून जाते म्हणून डॉक्टरकडे गेले की पिशवी काढा असा सल्ला मिळतो. हे पेशीच्या म्हातारपणाच्या विषयात कसे आले, असे कोणी विचारील. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशये काढली की स्त्रीची पाळी एका दिवसात कायमची जाते. हाडे लवकर ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात तर अशा स्त्रियांच्या रक्तपेशींचे जैविक वय इतरांपेक्षा पुढे गेलेले आढळले. पस्तिशीतल्या बाईला निसर्ग म्हातारी करीत नाही.

दुसरे उदाहरण पुण्याचे. के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. तेथील बाळांचे सरासरी वजन 2.7 किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे 3.5 किलो भरले. आपली बाळे हाडकुळी दिसत होती, पण त्यांच्या शरीरातील चरबी त्या मानाने कमी नव्हती. कमी झाला होता तो स्नायू. अशी बाळे मोठेपणी मधुमेहाकडे लवकर झुकतात. ज्या आया गरोदरपणात फार कष्ट करीत होत्या त्यांची बाळे लहान भरली. ज्यांना पालेभाजी, फळे आणि दूध मिळाले त्यांची बाळे त्या मानाने चांगली भरली. म्हणजे साठाव्या वर्षीच्या मधुमेहाचे बी आईच्या पोटात, आईच्या उपासमारीत पडलेले असते.

तिसरी गोष्ट मनाची. 2004 साली ब्लॅकबर्न यांनी मानसशास्त्रज्ञ एलिसा एपेल यांच्यासह आजारी मुलांची वर्षानुवर्षे शुश्रूषा करणाऱ्या मातांचा अभ्यास केला. ज्यांच्या मनावर सर्वांत जास्त ताण होता त्यांचे टेलोमिअर किमान दहा वर्षे अधिक वय झाल्याइतके आखूड होते. पुढील अभ्यासांत हा संबंध इतका ठळक दिसला नाही, पण दिशा तीच राहिली. पिढ्यान्‌पिढ्या अपमान सोसलेल्या समाजाने यावर विचार करावा.

बाबासाहेबांनाही मधुमेहाने ग्रासले होते. दृष्टी मंदावली, पायांच्या वेदनांनी झोप नाहीशी झाली, तरी ग्रंथलेखन थांबले नाही. 6 डिसेंबर 1956 रोजी ते गेले तेव्हा त्यांचे वय 65 होते. तेव्हा साखर मोजायला प्रयोगशाळा लागे. आज बोटाच्या एका थेंबावर ती कळते. तरीही आपल्यातल्या कित्येकांना आपली साखर माहीत नाही. मग दोष कोणाला द्यायचा?

आपण काय करावे?

तथागतांनी अतिसाराने आजारी, एकट्या पडलेल्या भिक्खूला आनंदाच्या साहाय्याने स्वतः धुतले, आणि इतर भिक्खूंना रुग्णसेवेचा नियम घालून दिला. त्याच मार्गाने आम्ही समितीपुढे काही सूचना ठेवतो.

एक, दर पौर्णिमेला वंदनेनंतर विहारात तिशीवरील सर्वांचा रक्तदाब आणि साखर तपासावी. शासनाची ही तपासणी मोफत आहे, आशाताई आपल्याच गावच्या आहेत. नोंदवही समितीने ठेवावी. हारतुऱ्यांचा खर्च कमी केला तर रक्तदाबाचे यंत्र घेता येईल.

दोन, ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतील म्हातारी माणसे नातवंडांसह गावात मागे राहतात. गोळ्या संपल्या की आणणारे कोणी नसते. रक्तदाबाची गोळी बंद पडली की लकव्याचा धोका वाढतो. तरुण मंडळाने प्रत्येकी दोन घरे वाटून घ्यावीत आणि महिन्याच्या गोळ्या पोहोचवाव्यात.

तीन, पिशवी काढण्याचा सल्ला मिळाला तर शासकीय रुग्णालयात दुसरे मत घेतल्याशिवाय कोणत्याही बहिणीने होकार देऊ नये. काढावीच लागली तर अंडाशये ठेवता येतील काय, हे विचारावे. हे विचारायला महिला मंडळाची एक ताई सोबत जावी.

चार, गरोदर बाईला फडावर नेऊ नये. पाच, मिशरी, तंबाखू आणि दारू सोडावी. दारूबद्दल तर पंचशीलच आहे. तंबाखूने पेशीची झीज वाढते, हे पक्के सिद्ध झाले आहे. सहा, मोतीबिंदू हे अंधत्वाचे नशीब नव्हे. त्याची शस्त्रक्रिया शासकीय रुग्णालयात मोफत होते.

यांपैकी एकही उपाय नवा नाही. प्रयोगशाळेतील औषधे येतील तेव्हा येतील, आणि आली तरी आधी ती श्रीमंतांच्या घरी जातील. आपल्याकडे दहा-वीस वर्षे आधी येणारे म्हातारपण मात्र आजच, आपल्याच हातांनी मागे ढकलता येते. सर्व संस्कार अनित्य आहेत. शरीर झिजणारच. तथागतांनीही ऐंशीव्या वर्षी आपल्या जीर्ण शरीराची जाणीव आनंदाला सांगितली, आणि तरीही ते चालत राहिले, शिकवीत राहिले. आपल्या प्रत्येक माणसाला ऐंशी वर्षे गाठता यावीत आणि चालत-बोलत गाठता यावीत, यासाठी येत्या पौर्णिमेपासूनच कामाला लागू या.



नमो बुद्धाय! जय भीम!