नाश, इजा आणि लोप

'नाश' हा एकच शब्द आपण शंभर ठिकाणीं योजतों. इंग्रजींत मात्र त्याच्या छटांना निरनिराळे शब्द आहेत. चंद्रपूर जिल्ह्यांतील मोहर्लीचें रान डोळ्यांपुढें आणलें म्हणजे हा भेद सहज उमगतो.

उन्हाळ्यांत मोहफुलें वेंचतां यावींत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवितात. त्यांतून कधीं वणवा भडकतो. गवत-पाचोळ्याची राख होते. तेथें 'डिस्ट्रॉय' शोभतें, कारण रचलेलें मोडणें हा त्याचा लॅटिन मूलार्थ. सागाचा बुंधा भाजतो, पण पावसाळ्यांत त्यास पुन्हा पालवी फुटते; तें केवळ 'डॅमेज'. सारा पट्टाच उजाड झाला तर 'डिव्हास्टेट'; त्याच्या मुळाशीं रितें करणें आहे.

खरा घोटाळा होतो तो 'एक्स्टर्पेट' व 'एक्स्टिंक्ट' यांत. पहिल्याच्या पोटीं मूळ उपटणें आहे, दुसऱ्याच्या पोटीं ज्योत विझणें. चित्ता भारतांतून नामशेष झाल्याचें १९५२ सालीं जाहीर झालें. परंतु आफ्रिकेंत व इराणांत तो उरला होता. म्हणूनच २०२२ सालीं नामिबियांतून चित्ते आणून मध्य प्रदेशांतील कुनोच्या रानांत सोडतां आले. हा येथून उच्छेद. जगांतून लोप नव्हे.

शब्दाची निवड ही नुसती व्याकरणाची बाब नाहीं. इजा झाली असेल तर राखण करावी, उच्छेद झाला असेल तर पुन्हा वसवावें. लोपाला मात्र उपाय नाहीं. ताडोबाच्या वाघाविषयीं बोलतांना हा तिसरा शब्द वापरण्याची पाळी कोणावरहि न येवो.