कानाने शिकलेली अडाणी नसते

(भोसरीतील महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



मघाशी आपण मिळून गाणे म्हटले. पुस्तिका पाच-सहा जणींच्याच हातात होती. बाकीच्यांनी पहिले कडवे नुसते ऐकले आणि दुसऱ्याला सूर धरला. हेही शिकणेच आहे. पण आपण त्याला शिकणे म्हणत नाही.

आमच्या वस्तीतल्या एका मावशींची गोष्ट सांगते. एमआयडीसीत पॅकिंगचे काम करतात. भजनी मंडळात ऐकलेल्या अभंगाची चाल पेटीवर बोटांनी शोधून काढतात. हौसेने एका क्लासला गेल्या. पहिला प्रश्न, "लिहिता-वाचता येतं का?" नाही म्हटल्यावर, "मग जमायचं नाही." वाजवून दाखवा, असे कुणी म्हटले नाही. घरी आल्यावर मावशी म्हणाल्या, "आपल्याला कुठं येतंय गाणं!" त्या क्लासपेक्षा मला या वाक्याचे जास्त वाईट वाटले.

आपल्या आया-आज्या जात्यावर काय करत होत्या? हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांबरोबर गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यातल्या कित्येक आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या. कागदावर ओवी दोन ओळींची दिसते. गाताना बाई ती ओळ तोडते, परत घेते, मध्ये "गं बाई" घालते, जात्याच्या फेऱ्याशी जुळवते. हे सगळे त्या दोन ओळींत नसते. ते शेजारी बसलेल्या सुनेच्या, लेकीच्या कानात जात होते. पिठाची गिरणी आली, कष्ट वाचले, चांगलेच झाले. पण ती शेजारी बसण्याची जागाही गेली.

म्हणून लिहिणे वाईट, असे मी म्हणणार नाही. उलट बाजूही बघा. मोगूबाई कुर्डीकर, केसरबाई केरकर अल्लादियाखाँसाहेबांकडे शिकल्या त्या समोर बसून, कानाने. पण असा गुरू मिळायला पैसा लागे, वेळ लागे, आणि गुरूची मर्जी लागे. चीज द्यायची की नाही, हे तोच ठरवणार. भातखंडे यांनी (१८६०–१९३६) घराण्यांतल्या चिजा जमवून क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत स्वरलिपीसह छापल्या. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, तार सप्तकाला वर टिंब, मंद्राला खाली टिंब, समेला फुली. एवढी खूण कळली की बंद दाराची एक किल्ली हाती येते. ज्या बाईला घराबाहेर पडायची परवानगी नाही, तिला या किल्लीचे मोल विचारा.

पण कोमल गंधार किती कोमल, हे रेघ सांगत नाही. ते कानच सांगतो.

आता आपली पुस्तिका उघडा. गाण्यावर काय छापले आहे? "चाल : अमुक गाण्याची." म्हणजे शब्द कागदावर, सूर मात्र कुणाच्या तरी आठवणीत. ती चाल माहीत असलेली पिढी गेली की आपलीच गाणी मुक्या ओळी होऊन राहतील. जात्याचे झाले तेच चळवळीचे होईल.

तेव्हा तीन कामे करू या. एक, प्रत्येक गटाने जुन्या गाणाऱ्या बायांची गाणी मोबाइलवर त्यांच्याच आवाजात, त्यांना विचारून, साठवावीत. खाली त्यांना हवे असेल तर त्यांचे नाव घालावे. दोन, मुलींनी सरगम लिहायला शिकावे आणि ती या मावशींना शिकवावी. तीन, शिकवताना आधी मावशींकडून चाल शिकून घ्यावी. देवाणघेवाण दोन्हीकडून हवी, नाहीतर आपणही त्या क्लासवाल्यांसारख्याच.

मावशी आज इथे आहेत. पेटीही आणली आहे. पुढचे गाणे त्या सांगतील. पुस्तिका जरा वेळ मिटून ठेवा.