आमवात : भोग नव्हे, कारणे



सकाळी उठल्यावर बोटे आखडलेली असतात, मूठ वळत नाही, मनगटे सुजतात आणि तास-दीड तासाने अंग थोडे सैल होते. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ साली सुरू झालेल्या पाहणीत प्रौढांपैकी सुमारे अर्धा टक्का लोकांत हा आमवात, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, आढळला. दोनशे माणसांत एक. त्यातही स्त्रियांचे प्रमाण पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट असते.

हा आजार घरात आला की दोन बोलणी ऐकू येतात. एक, हे गेल्या जन्मीचे भोग आहेत. दुसरे, त्या घराण्याच्या रक्तातच वात आहे, तिथली मुलगी करू नका. आज आम्ही ही दोन्ही बोलणी तपासणार आहोत.

पहिल्याचे उत्तर तथागतांनीच दिले आहे. संयुत्त निकायातील सीवक सुत्तात पित्त, कफ, वात, ऋतुबदल, विषम आहारविहार, इजा अशी वेदनेची अनेक कारणे सांगून, प्रत्येक वेदना पूर्वकर्मानेच होते हे मत त्यांनी नाकारले. परमपूज्य बाबासाहेबांनीही १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या धम्मग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त खोडताना आनुवंशिकतेच्या शास्त्राचा आधार घेतला.

मग आनुवंशिकता म्हणजेच नशीब काय? तेही नाही. एचएलए-डीआरबी१ या जनुकाच्या काही प्रकारांत एक समान तुकडा असतो आणि तो आमवाताशी जोडलेला आहे, हे १९८७ साली मांडले गेले. पुढे शंभराहून अधिक जागा सापडल्या. परंतु ब्रिटनमधील जुळ्यांच्या १९९३ च्या अभ्यासात, एकाच बीजापासून झालेल्या जुळ्यांपैकी एकाला आमवात असता दुसऱ्याला तो सुमारे १५ टक्के जोड्यांतच आढळला. जनुके तीच, तरी बहुतेकांना आजार नाही! म्हणून जनुक हा धोका आहे, निकाल नव्हे. त्यावरून सोयरीक मोडणे हा अन्याय आहे.

बाकीची कारणे कोणती? विडी-सिगारेटच्या धुराने फुफ्फुसातील काही प्रथिनांचे रूप बदलते. ज्यांच्यात ते जनुक आहे, त्यांचे शरीर या बदललेल्या प्रथिनांना परके समजून त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करण्याचा संभव अधिक. रोगजंतूंशी लढणारे शिपाईच मग आपल्या सांध्यांच्या अस्तरावर उलटतात. जनुक आणि धूम्रपान एकत्र आले की धोका अनेक पटींनी वाढतो, हे स्वीडनमधील संशोधनाने २००६ साली दाखविले. दगड फोडताना उडणारी बारीक धूळही धोका वाढविते. हे असल्यास ते होते, हाच तो प्रतीत्यसमुत्पाद. जनुक बदलता येत नाही. विडी सोडता येते, कामावर तोंडाला फडके बांधता येते.

आता रक्ततपासणीविषयी. आर.ए. फॅक्टर १९४० साली नॉर्वेत प्रथम वर्णिला गेला. तो क्षय, कुष्ठरोग, यकृताची सी-कावीळ यांत आणि काही निरोगी वृद्धांतही सापडतो. उलट कित्येक रुग्णांत तो सापडत नाही. म्हणून केवळ कागद पाहून घाबरू नये आणि निश्चिंतही राहू नये. अँटी-सीसीपी ही चाचणी त्याहून नेमकी आहे. नेदरलँड्समधील रक्तदात्यांच्या साठविलेल्या रक्ताच्या २००४ च्या अभ्यासात, जवळजवळ निम्म्या रुग्णांत आर.ए. फॅक्टर किंवा ही प्रतिपिंडे, निदान एक तरी, सांधे दुखण्याच्या कित्येक वर्षे आधीच दिसली.

हातापायांचे लहान सांधे सुजून सकाळचा आखडलेपणा सहा आठवडे टिकला, तर तज्ज्ञाकडे जावे. पहिल्या काही महिन्यांत औषध सुरू झाले तर बोटे वाकडी होणे बहुधा टळते. मेथोट्रेक्सेट हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. रोज घेतल्यास जिवावर बेतते. गरोदरपणात ते चालत नाही, म्हणून मूल हवे असल्यास आधी डॉक्टरांना सांगावे. वातावरच्या बेनामी पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते. त्या घेऊ नयेत.

आजारी भिक्खूची शुश्रूषा भगवंतांनी आनंदासह स्वतः केली. आपल्या घरातील जी माउली भाकरी थापताना कळवळते, तिला बोल लावू नका. तिला दवाखान्यात न्या. हाही धम्मच आहे.

नमो बुद्धाय. जयभीम.