तहाच्या टेबलावर कोण बसतं?

(भिलाई येथे पदवीधर तरुणांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



१८ फेब्रुवारी २०२५ ला रियाधमध्ये अमेरिका आणि रशियाचे मंत्री युक्रेनचं युद्ध थांबवण्याबद्दल बोलायला बसले. त्या खोलीत युक्रेनचा एकही माणूस नव्हता. बातमी वाचून पुष्कळांना धक्का बसला. आपल्या समाजाला अशा खोल्यांची ओळख जुनी आहे.

युद्ध एका दिवसात संपत नाही. आधी शस्त्रसंधी होते, म्हणजे तोफा थांबतात. मग तह होतो. त्यात सीमा, भरपाई, कर्ज, कैदी, सगळं ठरतं. पहिल्या महायुद्धात तोफा थांबल्या ११ नोव्हेंबर १९१८ ला आणि व्हर्सायच्या तहावर सह्या झाल्या २८ जून १९१९ ला. मधल्या साडेसात महिन्यांत जर्मनीची नाकेबंदी उठली नव्हती. मसुदा जिंकणाऱ्यांनी आपसात तयार केला आणि मे महिन्यात जर्मनीच्या हातात ठेवला.

या युद्धात हिंदुस्थानातून तेरा लाखांवर माणसं गेली, सुमारे ७४ हजार मेली. तहावर भारताच्या वतीने दोघांनी सही केली: भारतमंत्री एडविन माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराजा गंगासिंह. एक इंग्रज मंत्री, एक संस्थानिक. शिपायाच्या घरातलं कुणी नाही.

आता त्या शिपायांपैकी एका पलटणीकडे बघू. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्रजांनी ‘लढाऊ जाती’ नावाचं खूळ काढलं आणि महारांची लष्करभरती बंद केली. ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज लिहिला. पुढे १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी भारतमंत्र्यांकडे निवेदन पाठवलं. दाद लागली नाही. महायुद्धात माणसं कमी पडू लागली तेव्हा मात्र १९१७ मध्ये १११वी महार पलटण उभी राहिली. तेव्हा जात आडवी आली नाही! युद्ध संपलं आणि १९२१ मध्ये ती पलटण मोडण्यात आली.

ही फक्त नोकऱ्यांची गोष्ट नव्हती. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार लष्करी शाळेत मास्तर होते. पलटणीत शिपायांच्या मुलांना शिकवलं जाई. भिलाईत आपल्यापैकी अनेकांच्या घरात पदवी आली ती प्लांटच्या पगारावर. तेव्हा त्या घरांमध्ये अक्षर आलं ते पलटणीच्या वाटेने. पलटण मोडली म्हणजे ती वाट बंद झाली. (प्लांटसुद्धा युद्धानंतरच्या राजकारणाचंच अपत्य. दोन महासत्तांच्या ओढाताणीत २ फेब्रुवारी १९५५ ला सोव्हिएत संघाशी करार झाला, म्हणून आपले आईबाप इथे आले. तो विषय पुन्हा कधीतरी.)

पॅरिसची परिषद १८ जानेवारी १९१९ ला सुरू झाली. नऊ दिवसांनी, २७ जानेवारीला, सिडनहॅम कॉलेजचा सत्तावीस वर्षांचा एक प्राध्यापक मुंबईत साउथबरो समितीपुढे साक्ष देत होता. अस्पृश्यांना स्वतंत्र प्रतिनिधित्व द्या, आपले प्रतिनिधी आपणच निवडू, ही बाबासाहेबांची मागणी. मला या दोन तारखा शेजारी ठेवून वाचाव्याशा वाटतात. कारण पॅरिसमध्येही हाच प्रश्न होता. त्या परिषदेत जपानने राष्ट्रसंघाच्या करारात समानतेचं कलम मागितलं. ११ एप्रिलला सतरापैकी अकरा मतं बाजूने पडली, तरी अध्यक्षस्थानी असलेल्या विल्सननी एकमत नाही म्हणून ते फेटाळलं. याउलट पोलंडकडून व्हर्सायच्याच दिवशी वेगळा करार सही करून घेतला गेला: देशातल्या अल्पसंख्याकांना संरक्षण, त्यावर राष्ट्रसंघाची नजर. म्हणजे तहाच्या कागदात आतल्या दुबळ्या समूहासाठी हमी लिहिता येते. अस्पृश्यांसाठी ती कुणी मागितली नाही. १९१९ च्या सुधारणा कायद्यात त्यांच्या वाट्याला निवडणूक आलीच नाही, सरकारी नेमणूक आली.

दुसऱ्या महायुद्धात तसाच प्रसंग आला. १९४१ मध्ये बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर होते. त्याच ऑक्टोबरात बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली आणि १९४५ नंतरही ती टिकली. माझ्या मते १९२१ आणि १९४५ मधला फरक शौर्याचा नाही, दिल्लीतल्या टेबलावर कुणी होतं की नव्हतं याचा आहे.

पण तेही पुरलं नाही. १६ मे १९४६ च्या कॅबिनेट मिशन योजनेत जागावाटपासाठी तीनच गट मानले: सर्वसाधारण, मुस्लिम, शीख. अनुसूचित जातींना वेगळं स्थान नाही. बाबासाहेब त्याच वर्षी बंगालमधून घटना समितीवर निवडून गेले, आणि लंडनला जाऊन तिथल्या नेत्यांपुढे आपलं म्हणणं मांडून आले. फाळणीने बंगालमधली ती जागा गेली आणि जुलै १९४७ मध्ये ते मुंबईतून पुन्हा निवडून आले.

एक काम सांगून थांबतो. तुमच्या घरात किंवा गावाकडे जुनं पेन्शनबुक, पदक, पलटणीतून सुटल्याचा दाखला, गणवेशातला फोटो असेल तर त्याचा फोटो काढा, मागे नाव, गाव, साल लिहा. आजी-आजोबा हयात असतील तर पलटणीतून घरी परतल्यावर विहिरीवर काय झालं, तेही विचारा. पुढच्या बैठकीला घेऊन या.